दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजार आणि आदिवासी गाव: गडचिरोलीच्या संदर्भात कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शन

जागतिक आरोग्य संघटनेने ‘दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजार’ या नावाखाली एकत्र केलेल्या आजारांच्या गटांची संख्या डिसेंबर २०२३ मध्ये २१ झाली असून त्यांत हत्तीरोग, कुष्ठरोग, काळा आजार, डेंग्यू, रेबीज, खरूज, मातीतून पसरणारे पोटातील जंत आणि २०१७ पासून सर्पदंश यांचा समावेश होतो. जिवाणू, विषाणू, कृमी, किडे आणि विष अशा परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या कारणांनी होणारे हे आजार एका यादीत येतात याचे कारण वैद्यकशास्त्रात शोधून सापडत नाही. ते या आजारांनी गाठलेल्या माणसांच्या परिस्थितीत सापडते. रस्ता, शाळा, दवाखाना, स्वच्छ पाणी आणि औषधसंशोधनासाठीचा पैसा या साऱ्या गोष्टी जेथे सर्वांत शेवटी पोचतात, तेथे हे आजार टिकून राहतात. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १० कोटी ४३ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती, तरीही डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीला आदिवासी आरोग्यावरील २०१८ च्या अहवालात, या समाजाच्या आजारांची स्वतंत्र आकडेवारीच पुरेशी उपलब्ध नसल्याची नोंद करावी लागली. जो आजार माणसाला लगेच मारत नाही आणि ज्याचा रुग्ण दवाखान्यात येत नाही, तो नोंदवहीत उतरत नाही, आणि जो नोंदवहीत उतरत नाही त्याच्यासाठी औषधही मागवले जात नाही.

प्रस्तुत लेख आदिवासी भागात काम करणाऱ्या आशा, आरोग्यसेवक, आश्रमशाळांचे शिक्षक व अधीक्षक, नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी आणि स्वयंसेवी कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. उदाहरणादाखल गडचिरोली जिल्हा घेतला आहे, कारण महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी माडिया गोंड हा समूह प्रामुख्याने येथे राहतो आणि हत्तीरोग, कुष्ठरोग व सर्पदंश हे तिन्ही प्रश्न येथे एकाच गावात भेटतात. कोलाम आणि कातकरी या उरलेल्या दोन समूहांच्या वस्त्यांत पिके, स्थलांतर आणि बोली वेगळी असली, तरी कामाची रीत बऱ्याच अंशी सारखीच राहते.

अशा आजारांचे निर्मूलन आदिवासी भागात होऊ शकत नाही ही समजूत प्रथम बाजूला ठेवली पाहिजे, कारण ते एकदा झालेले आहे. यॉज हा त्वचा आणि हाडे यांना ग्रासणारा, प्रामुख्याने लहान मुलांना होणारा जिवाणूजन्य आजार भारतात जवळजवळ पूर्णपणे आदिवासी वस्त्यांपुरता उरला होता. त्याच्या निर्मूलनाचा कार्यक्रम १९९६-९७ मध्ये ओरिसातील कोरापुट जिल्ह्यात सुरू झाला आणि पुढे दहा राज्यांत विस्तारला. घरोघरी जाऊन रुग्ण शोधणे, सापडलेल्या रुग्णाला व त्याच्या सहवासातील माणसांना पेनिसिलिनचे एक इंजेक्शन देणे आणि काही महिन्यांनी पुन्हा त्याच घरी जाणे, एवढीच त्याची पद्धत होती. शेवटचा रुग्ण २००३ मध्ये आढळला आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारताला यॉजमुक्त देश म्हणून मान्यता दिली. यातील औषध तेव्हाही नवे नव्हते. नवे होते ते प्रत्येक घरी जाणे, आणि त्याहूनही अवघड असलेले पुन्हा जाणे. पुढे सांगितलेल्या प्रत्येक आजाराच्या बाबतीत याच दुसऱ्या फेरीवर यश अवलंबून राहते, असे ठामपणे म्हणता येईल.

फेरी कधी करावी हे शासकीय वेळापत्रकापेक्षा गावाच्या वर्षक्रमावरून ठरवणे हिताचे असते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून मोहफुले वेचली जातात, मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी चालते आणि दिवाळीच्या सुमारास कापणी येते. वर्षाच्या सुरुवातीला कित्येक कुटुंबे मिरची तोडण्यासाठी गोदावरीपलीकडे तेलंगणात जातात. हत्तीरोगाच्या सामुदायिक औषधोपचाराची एक राष्ट्रीय फेरी अलीकडच्या वर्षांत फेब्रुवारीत आणि दुसरी ऑगस्टमध्ये घेतली जाते, म्हणजे जिल्ह्याच्या वाट्याला जी येईल ती मिरचीच्या तरी नाहीतर रोवणीच्या तरी दिवसांत येते. कार्यकर्त्याला राष्ट्रीय तारीख बदलता येत नाही. परंतु परगावी गेलेल्या माणसांची घरनिहाय यादी करून ती परतल्यावर राहिलेल्यांना औषध देण्याची परवानगी तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडून आधीच घेऊन ठेवता येते. दुपारी अकरा वाजता गावात जाणाऱ्या पथकाला म्हातारी माणसे आणि मुलेच भेटतात, म्हणून पहाटे किंवा दिवेलागणीला, गोटुलात (गावाच्या सामुदायिक घरात) अथवा गावाच्या बैठकीच्या जागी, गायता (गावपुजारी) आणि पाटील यांना आदल्या दिवशी सांगून जाणे अधिक उपयोगाचे ठरते. विश्वास हा या कामाचा पाया आहे आणि तो लोकांच्या कलाने वागल्याने मिळतो, याचे चांगले उदाहरण याच जिल्ह्यात आहे: डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा शोधग्राम येथील दवाखाना आदिवासी गावाच्या धर्तीवर बांधला गेला आणि त्याला लोकांच्या देवीचे, माँ दंतेश्वरीचे, नाव दिले गेले.

हत्तीरोग हा ‘वुचेरेरिया बँक्रॉफ्टी’ नावाच्या दोऱ्यासारख्या कृमीमुळे होतो. घाण, साचलेल्या पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातील पाझरलेला द्रव परत रक्तात नेणाऱ्या बारीक नलिकांत, अनेक वर्षे जगतो आणि त्याची सूक्ष्म पिल्ले रात्रीच्या वेळी रक्तात फिरतात, म्हणूनच रक्ततपासणी रात्री करावी लागते. पाय सुजण्याच्या किंवा पुरुषांना अंडवृद्धी होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून माणूस बाहेरून निरोगी दिसत असूनही त्याच्या रक्तातून डासांना कृमी मिळत असतात. ‘मला काही झाले नाही, मी गोळ्या का खाऊ’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहे, आणि हे उत्तर प्रत्येक घरात, शक्यतो चित्र दाखवून आणि माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या गावातल्याच माणसाच्या तोंडून दिले गेले पाहिजे.

सामुदायिक औषधोपचारात डीईसी आणि अल्बेंडाझोल ही दोन औषधे वर्षातून एकदा दिली जातात; २०१८ पासून काही जिल्ह्यांत त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन हे तिसरे औषधही देण्यात येऊ लागले. महाराष्ट्रात या तिहेरी पद्धतीची सुरुवात नागपूर जिल्ह्यापासून झाली. डीईसीची मात्रा वयानुसार ठरते: २ ते ५ वर्षे वयाला १०० मिलिग्रॅम, ६ ते १४ वर्षांना २०० आणि १५ वर्षांवरील सर्वांना ३०० मिलिग्रॅम. आयव्हरमेक्टिनची मात्रा मात्र उंचीवरून काढतात, म्हणून पथकाजवळ खुणा केलेली काठी असणे आवश्यक असते. दोन वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ही औषधे देत नाहीत; आयव्हरमेक्टिन पाच वर्षांखालील मुलांना आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातील मातेलाही देत नाहीत. औषध उपाशीपोटी घ्यायचे नसते, त्यामुळे सकाळी पेज किंवा आंबील पिऊन झाल्यावरची वेळ सोयीची असते.

येथे एक गोष्ट पुनःपुन्हा सांगावी लागते, ती अशी की गोळी हातात देणे म्हणजे औषधोपचार नव्हे. कोनाड्यात ठेवलेली गोळी वहीत ‘दिली’ अशी लिहिली जाते आणि गावाची टक्केवारी कागदावर वाढत जाते; परंतु एकूण लोकसंख्येपैकी किमान ६५ टक्के लोकांनी प्रत्येक फेरीत प्रत्यक्ष गोळ्या गिळल्याखेरीज प्रसार थांबवण्याइतका परिणाम होत नाही. प्रत्येकाने समक्ष गोळी गिळावी आणि कार्यकर्त्याने स्वतःची गोळी लोकांसमोर घ्यावी, ही पद्धत त्यासाठीच आहे. ज्याच्या रक्तात कृमींची पिल्ले असतात, त्याला ती मरू लागल्याने गोळीनंतरच्या एक-दोन दिवसांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी किंवा मळमळ होऊ शकते. हे आधी सांगितले नाही, तर ‘गोळीने माणूस आजारी पडला’ ही बातमी शेजारच्या गावात पथकाच्या आधी पोचते आणि पुढच्या वर्षाची फेरीही तिथेच बिघडते. त्यामुळे औषध दिल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी पॅरासिटामॉल घेऊन गावात परत जाणे हे औषध देण्याइतकेच महत्त्वाचे मानावे.

ज्याचा पाय आधीच सुजलेला आहे, त्याला या गोळ्यांनी पाय पूर्ववत होईल अशी आशा दाखवू नये. त्याच्यासाठी निराळे काम आहे आणि ते साबण-पाण्याने होते. रोज पाय स्वच्छ पाण्याने व साबणाने, बोटांच्या बेचक्यांसह धुणे, मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडा करणे, बेचक्यांत चिखल्या किंवा भेगा असल्यास डॉक्टरांनी दिलेले मलम लावणे, बसताना-झोपताना पाय उंचावर ठेवणे, घोट्याची हालचाल करणे आणि पायात चप्पल घालणे, एवढ्याने वारंवार येणारा ताप व वेदनेचा झटका बऱ्याच प्रमाणात टळतो. हा झटका सुजलेल्या त्वचेतील फटींतून शिरणाऱ्या जिवाणूंमुळे येतो आणि प्रत्येक झटक्यानंतर सूज थोडी कायमची वाढते. झटका आल्यावर शेकणे, चोळणे किंवा घट्ट बांधणे टाळावे. विश्रांती, थंड पाण्याच्या पट्ट्या, पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिजैविक औषध हा योग्य उपाय आहे. चिखलात उभे राहून रोवणी करणाऱ्या बाईला पाय कोरडा ठेवण्याचा सल्ला तिच्या परिस्थितीत पाळता येणार नाही. तिला निदान शेतातून परतल्याबरोबर पाय धुऊन पुसण्याची सवय लावता येते आणि घरच्यांना तिच्यासाठी वेगळा टॉवेल व साबण ठेवण्यास सांगता येते.

कुष्ठरोगाच्या बाबतीत भारताने डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण हा टप्पा गाठला, आणि त्यानंतर हा आजार संपला असे अनेकांना वाटू लागले. हा देशपातळीवरचा सरासरीचा आकडा होता. पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत नवे रुग्ण त्यानंतरही सापडत राहिले. ‘मायकोबॅक्टेरियम लेप्री’ हा जिवाणू फार सावकाश वाढतो आणि लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून त्यासाठी कोणी मजुरी बुडवून दवाखान्यात येत नाही, आणि म्हणून येथे रुग्ण येण्याची वाट पाहणे चुकीचे ठरते. तपासणी दिवसाच्या उजेडात, पाठ आणि मांड्यांसह संपूर्ण अंगाची, स्त्रियांची स्त्री कार्यकर्तीकडून व्हावी. त्वचेच्या रंगापेक्षा फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर कापसाच्या टोकाने किंवा बोथट पेनाने, रुग्णाचे डोळे मिटवून, स्पर्श कळतो का हे पाहावे. चट्टा नसतानाही तेलकट, चकाकणारी त्वचा, कानाच्या पाळ्यांवर गाठी, विरळ झालेल्या भुवया, हातापायांना बधिरपणा, किंवा कोपराच्या आतील बाजूची नस जाड व दुखरी लागणे ही लक्षणे संशय घेण्यास पुरेशी आहेत. लहान मुलात हा रोग आढळला, तर त्याच्या घरात किंवा शेजारी अद्याप उपचार न झालेला रुग्ण आहे असे समजून शोध घ्यावा.

बहुविध औषधोपचार मोफत मिळतो आणि आजाराच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने चालतो. पहिल्या मात्रेनंतर रुग्णाकडून होणारा प्रसार झपाट्याने घटतो, त्यामुळे त्याला वेगळे झोपवण्याचे वा त्याचे ताट वेगळे करण्याचे काहीही कारण उरत नाही. रिफाम्पिसिनमुळे लघवी लालसर होते आणि क्लोफाझिमिनमुळे त्वचा काळपट पडते, ती औषधे संपल्यावर हळूहळू पूर्ववत होते. ही माहिती पहिल्याच दिवशी न दिल्यास दुसऱ्या महिन्याचे पाकीट उघडलेच जात नाही. डॅप्सोनच्या बाबतीत गडचिरोलीत विशेष दक्षता हवी. जी-सिक्स-पीडी नावाच्या विकराची, म्हणजे रक्तपेशींचे रक्षण करणाऱ्या एका प्रथिनाची, जन्मजात कमतरता असलेल्या माणसाच्या रक्तपेशी या औषधाने फुटू शकतात. शिवाय सिकलसेल आणि रक्तक्षय यांचे प्रमाण या भागात मोठे आहे. उपचार सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन पाहणे आणि पहिल्या काही आठवड्यांत थकवा, धाप, काविळीसारखे डोळे याची चौकशी करणे हे कार्यकर्त्याच्या आवाक्यातले काम आहे.

उपचार चालू असताना किंवा संपल्यानंतरही चट्टे अचानक लाल होऊन सुजणे, नसा दुखणे, हातातून वस्तू निसटणे, पाऊल लोंबणे किंवा डोळा पूर्ण न मिटणे याला ‘प्रतिक्रिया’ म्हणतात, आणि ती तातडीची बाब आहे. नसेची हानी सहा महिन्यांच्या आतली असेल, तर प्रेडनिसोलोनच्या योग्य उपचाराने शक्ती परत येण्याची चांगली शक्यता असते. त्यानंतर ती संधी झपाट्याने हातची जाते. म्हणून ‘पुढच्या महिन्यात डॉक्टर येतील तेव्हा दाखवू’ हा विचार येथे कधीही करू नये. ज्यांचे हातपाय बधिर झाले आहेत, त्यांनी रोज संध्याकाळी तळपाय पाहणे, वीस मिनिटे पाण्यात भिजवून ओल्यावरच तेल लावणे आणि मऊ तळाची एमसीआर चप्पल वापरणे आवश्यक असते. खोबरेल घरात नसेल तर मोहाच्या बियांचे तेलही चालते. चुलीवरचे भांडे फडक्याने न धरता लाकडी मुठीच्या सांडशीने उतरवावे, कारण बधिर बोटांना भाजल्याचे कळत नाही. बाबा आमटे यांनी वरोड्याजवळ उभारलेले आनंदवन आणि १९७३ मध्ये भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प यांमुळे या परिसराला कुष्ठसेवेची मोठी परंपरा आहे. तिचा लाभ गावातील भीती घालवण्यासाठी करून घ्यावा.

सर्पदंश या यादीत आला याचे महत्त्व भारताइतके दुसऱ्या कोणत्याही देशाला नसेल, कारण २००० ते २०१९ या काळात येथे सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्युमुखी पडल्याचा, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यूंचा, अंदाज काढण्यात आला आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांवर उपलब्ध प्रतिविष परिणामकारक ठरते. यांपैकी मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंशाची खूण व वेदना बहुधा नसते, आणि पहाटे पोटदुखी, मिटू लागलेल्या पापण्या व गिळताना त्रास एवढेच दिसते. जंगलातील गावात पहाटे अशी तक्रार घेऊन उठलेल्या माणसाला सर्पदंश झाला असे धरूनच दवाखान्यात न्यावे. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि हिवतापासाठी वाटलेल्या औषधभारित मच्छरदाण्या हे कामही करतात. मासिक पाळीच्या दिवसांत कुर्माघरात जमिनीवर झोपणाऱ्या माडिया स्त्रियांचा विचार यात आवर्जून झाला पाहिजे: तेथे खाट, मच्छरदाणी, दिवा आणि लिंपलेल्या भिंती असाव्यात, आणि गोळ्यांची फेरी तेथेही जावी.

दंश झाल्यावर आवळून बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे या गोष्टी करू नयेत. रुग्णाला धीर द्यावा, अंगठी, पैंजण, कडे काढावे, चावलेला अवयव कामटी बांधून स्थिर करावा आणि त्याला चालू न देता, दुचाकीवर दोघांच्या मध्ये किंवा खाटेची कावड करून, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्यावे. मंत्र घालणाऱ्या गावपुजाऱ्याशी वाद घालण्यात वेळ दवडण्यापेक्षा, ‘आधी १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला कळवावे आणि मंत्र वाटेत म्हणावा’ असा समजुतीचा करार पावसाळ्यापूर्वीच करून ठेवणे शहाणपणाचे आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लक्षात ठेवावे की मुलांना व मोठ्यांना प्रतिविषाची मात्रा सारखीच असते, कारण साप लहान मुलाला कमी विष सोडत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांत गोठते की नाही, ही साधी चाचणी प्राथमिक केंद्रातही होते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटण्याच्या घटना घडल्या आहेत, त्यामुळे प्रतिविष, अॅड्रिनॅलिन आणि श्वासासाठीची अंबू पिशवी यांचा साठा जूनच्या आधी मोजून घ्यावा. देशातील प्रतिविषासाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग तमिळनाडूतील इरुला या आदिवासी समाजाची सहकारी संस्था पुरवते. ज्या समाजाच्या कौशल्यातून औषध तयार होते, त्याच्यासारख्या दुसऱ्या समाजाच्या गावात ते वेळेवर न मिळणे हा अन्याय आहे.

आश्रमशाळांत खरूज आणि जंत यांकडे अधीक्षकांनी स्वतः लक्ष घालावे. खरजेसाठी एकट्या मुलाला मलम देऊन काही साधत नाही. खोलीतील सर्व मुलांना एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत परमेथ्रिन लावून, दुसऱ्या दिवशी कपडे व चादरी उन्हात वाळवाव्यात, आठवड्याने पुन्हा लावावे, आणि सुट्टीवरून परतलेल्या मुलांची पहिल्याच दिवशी बोटांच्या बेचक्या पाहून तपासणी करावी. चिघळलेल्या खरजेतून शिरलेल्या जिवाणूंमुळे मूत्रपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी लाल झाली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. जंतनाशक दिनी गैरहजर राहिलेल्या मुलांसाठीची दुसरी तारीख चुकवू नये.

अंडवृद्धी हा हत्तीरोगाचा असा भाग आहे की ज्याबद्दल पुरुष आशाताईंशी बोलत नाहीत. त्यासाठी पुरुष आरोग्यसेवकाने किंवा शस्त्रक्रिया करून बरे झालेल्या गावातल्याच माणसाने पुढाकार घ्यावा. ही शस्त्रक्रिया छोटी असते, परंतु त्यानंतर काही आठवडे जड काम करता येत नाही. त्यामुळे रुग्णांच्या याद्या पावसाळ्यात तयार करून शिबिर धानाची कापणी आटोपल्यानंतर आणि मिरचीच्या स्थलांतरापूर्वी, म्हणजे साधारण डिसेंबरात घ्यावे, आणि रुग्णासोबत येणाऱ्याच्या राहण्या-जेवणाची व परतीच्या वाहनाची सोय शिबिराच्या खर्चातच धरावी. त्याच शिबिरात, कुष्ठरोगातून बरे झालेल्या परंतु हातापायांत व्यंग राहिलेल्या व्यक्तींची दिव्यांगत्वाची तपासणी करून घेता येते, कारण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रमाणपत्रासाठी लागणारे ओळखपत्र आणि छायाचित्र यांची जुळवाजुळव मात्र गावातच, शिबिराच्या निदान एक महिना आधी, करून ठेवावी.